तुमी कोनाच्या, कुत्र्याच्या का मांजरीच्या?

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, नोकरी यातलं काहीच विचारलं नाही. ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. डोक्यावर जाळीची टोपी, खिशाला दोन पेनं, पायाशी एक तांबडा कुत्रा. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "मॅडम, तुमी कोनाच्या? कुत्र्याच्या का मांजरीच्या?"

"कोणाच्याच नाही," मी म्हटलं. "नळाला पाणी रोज येतं का?"

"असं नसतं. हर आदमी एकाचा असतोच. तुमाला मालूम नसंल. राहा, निघंल हळूहळू."

पाण्याचं उत्तर मिळालं नाही. खोली स्वच्छ होती, दवाखाना जवळ होता, म्हणून घेतली. जवळा बाजारला माझी बदली झाली होती. सरकारी दवाखान्यात औषधं द्यायचं माझं काम. नवरा परभणीला नोकरीला, मुलगा पुण्यात शिकायला. मला फक्त झोपायला आणि दोन पोळ्या भाजायला जागा हवी होती. कुत्रा-मांजर असल्या विषयांना माझ्याकडं वेळ नव्हता.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. उमर बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून गेलेली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली सुटली, कुठली वाटेत बंद पडली, हे माइकवरून सांगायचं त्यांचं काम. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज माइकसमोरच होता. साधं "चहा घेता का?" विचारलं तरी समोरच्या गिरणीतली माणसं मान वर करायची.

आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा निकाल ते गाड्यांच्या भाषेत लावत.

"कुत्रा म्हंजे मुक्कामी गाडी, मॅडम. रातच्याला तुमच्याच गावात झोपनार, सकाळी तुमालाच घेऊन निघनार. भरोसा पक्का. आन् मांजर म्हंजे विनंती थांबा. तुमी हात करा. मर्जी असली तर थांबंल, नसली तर तुमच्या तोंडावर धूळ उडवून पुढं."

"मग मुक्कामी गाडीच बरी की," मी म्हणायचे.

"तसं न्हाई. मुक्कामी गाडीची कुनाला कदर असते? विनंतीवर थांबली तर माणूस घरी जाऊन सांगतो, आज माझ्यासाठी गाडी थांबली म्हणून."

हा वाद आयुष्यभर त्यांचा त्यांच्याशीच चालू होता आणि त्यात पुरावा म्हणून त्यांनी एक कुत्रा आणि एक मांजर ठेवली होती. मांजर राखाडी पट्ट्यांची, अंगानं मोठी, वागायला उद्धट. तिला नाव नव्हतं. काहून नाही, असं गिरणीवाल्या कावेराबाईनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाव कशाला ठेवू? हाक मारली तर येनार हाय का? उगं माझी फजिती." पण बोलताना तिला 'आप' म्हणायचे, तेही शुद्ध उर्दूत. दुपारी ती खिडकीतून उतरली की चाचा खुर्चीतून अर्धे उठत. "आइये, तशरीफ रखिये. आज बहुत देर कर दी आपने." कुत्र्याशी मात्र मराठी. "हितं बस. गुमान बस. खाऊन घे."

कावेराबाई हसायची. "चाचा, मांजरीला अहोजाहो, कुत्र्याला अरेतुरे. मग मला काय?"

"तुला म्या घाबरतो, कावेरा. तुझी गिनतीच वायली."

मी एकदा सरळच विचारलं, असं दोन भाषांत का. ते म्हणाले, उर्दू घरातली, मराठी ड्युटीवरली. मांजर घरात असते, कुत्रा ड्युटीवर. त्यांच्या घरात कुत्र्याला उंबरठ्याच्या आत मनाई होती. नमाज पढायची जागा आत, तिथं कुत्रा चालत नाही, हा त्यांचा कायदा. कुत्र्यालाही तो पाठ होता. पुढचे पंजे उंबरठ्याला लावून तो बसायचा, नख आत जायचं नाही. आत मांजर चटईवर लोळत त्याच्याकडं बघायची. मला ते बघून आमच्या हापिसातली माणसं आठवायची, पण ते असो.

आता कुत्र्याचं नाव. हे नीट सांगायला हवं, कारण पुढं सगळं त्यावरच आलं.

स्टँडच्या कँटीनमागं एक पिल्लू होतं. जो येईल तो त्याला "हाड! हाड!" करायचा. कंडक्टर, कँटीनवाला, प्रवासी, सगळे. पिल्लाला दुसरं काही कानावरच आलं नाही. त्यानं समजूत करून घेतली की आपलं नाव हाड. कोणी हाड म्हटलं की शेपूट हलवत जवळ जायचं आणि लाथ खाऊन परत यायचं. चाचांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी ते त्यांच्यामागं गाडीत चढलं. कंडक्टर ओरडला "हाड!" तर ते आणखी आत येऊन बसलं.

"नाव बदलायचं होतं की," मी म्हटलं.

"तो येताना नाव घेऊन आला. म्या कोन बदलनार? एवढ्या लोकांनी बुलावलं त्याला."

त्यामुळं आमच्या फाटकाशी रोज तमाशा. गॅसची टाकी आणणारा नवीन पोरगा आला, कुत्रा बघून "हाड" म्हणाला. कुत्रा आनंदानं पळत गेला. पोरगा टाकी टाकून कुंपणावर चढला आणि वरून "हाड, हाड" ओरडत राहिला, आणि कुत्रा खाली उभा राहून इतक्या प्रेमानं कोण हाक मारतंय म्हणून उड्या मारत राहिला. शेवटी चाचा उठले आणि त्यांनी त्यांची घोषणा केली.

ती घोषणा हाच एक उपाय होता. रोज सकाळी चाचा कुत्र्याला घेऊन फाट्यापर्यंत फिरायला जात आणि निघताना ओसरीवर उभं राहून माइक धरल्यासारखी मूठ तोंडाशी नेऊन म्हणत, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. हिंगोली, औंढा, जवळा बाजार, हट्टा मार्गे परभणीला जाणारी गाडी सुटत आहे. हाड, चल, सुटली!" मगच कुत्रा उंबरठ्यावरून उठायचा. नुसतं "चल" म्हटलं तर हलायचा नाही. नुसतं "सुटली" म्हटलं तर कान हलवायचा. पूर्ण मार्ग ऐकल्याशिवाय तो जागा सोडत नसे. माझी झोप त्या घोषणेनंच मोडायची. मला ती नको असतानाही पाठ झाली.

पण मी घोषणेची वाट बघत नसे. मी वाट बघत असे त्याआधीच्या आवाजाची. कडीच्या.

चाचा दाराला आतून कडी लावत. आडवी, लोखंडी, जुनी कडी. सरकवताना आधी कर्रर्र आणि शेवटी टक. दिवसा लावत, रात्री लावत, जेवताना लावत. सत्तरी ओलांडलेला माणूस, एकटा, साखरेचा आजार जुना, पोटात इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतः टोचून घेणारा. इंजेक्शनची बाटली गार राहावी म्हणून ओल्या मडक्यात. आणि दाराला आतून कडी. औषधं देण्याचं काम करते म्हणून मला नेमकं माहीत होतं काय होऊ शकतं. इंजेक्शन घेतलं आणि वेळेत खाल्लं नाही तर साखर उतरते, घाम फुटतो, जीभ जड होते, माणूस पडतो. पडल्यावर कडी कोण काढणार?

त्यांच्या मुलीलाही हीच धास्ती. राबिया नांदेडला शाळेत शिकवायची, नवरा आखातात. रोज संध्याकाळी तिचा फोन मला.

"ताई, अब्बानं खाल्लं का?"

"खाल्लं असेल."

"असेल म्हणू नका ना ताई. बघून सांगा. आन् कडी?"

"लावलेली आहे."

 मग मी ओसरी ओलांडून जायचे, दार वाजवायचे. आतून आवाज, "कोन हाय? गाडी वेळेवर हाय, मॅडम. झोपा." मी परत येऊन राबियाला सांगायचे. सकाळी डोळा उघडला की पडल्या पडल्या कान देऊन ऐकायचे. कर्रर्र, टक. मग उठून चहा टाकायचे. आवाजाला जरा उशीर झाला की उठून त्यांच्या दाराशी जायचे. माझ्या घरच्यांसाठी मी कधी इतकी कान लावून पडले नव्हते. राग यायचा त्याचा. भाडं देऊन राहणाऱ्या बाईनं घरमालकाची कडी का मोजावी?

एकदा भांडलेच. "चाचा, कडीला काय सोनं बांधलंय आत? नुसतं दार लोटा. चोर आला तर कुत्रा आहे."

ते मग हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, म्हणाले, "मॅडम, आख्खी उमर म्या लोकात उभा राहिलो. गाडी का आली न्हाई, मला शिव्या. गाडी भरून आली, मला शिव्या. नोकरीत घर मिळालं ते बी स्टँडसमोर. कडी लावली, आन् टक असा आवाज आला, की मला सुटी लागते. तेवढी राहू द्या."

"आणि पडलात तर?"

"हे दोघं हायेत ना."

"हे दोघं काय करणार?"

"तेच तर बघायचं हाय," ते म्हणाले. "मुक्कामी कामाची का विनंतीवाली."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. स्वतःच्या जिवावर पैज लावणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. त्यात त्यांनी मांजरीसाठी दाराशेजारच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात कापून ठेवली होती. मी म्हटलं, त्यातून साप येईल, उंदीर येतील. ते म्हणाले, "साप आला तर तोही पाहुणाच. मांजरीला दार उघडून दिलं तर ती येत न्हाई, मॅडम. बंद दारातूनच आत यायचं असतं तिला."

त्याहून वाईट सवय होती ती जेवणाची. दुपारी इंजेक्शन टोचून ते ताट वाढून बसत आणि मांजर आल्याशिवाय घास घेत नसत. दुधात कुस्करलेली भाकर आधी तिला, मग त्यांचं जेवण. पाहुणा आल्याशिवाय जेवायचं नाही, अशी त्यांची रीत. मी बजावलं होतं, आधी जेवा, मग टोचा, नाही तर टोचल्याबरोबर जेवा. मांजरीला घड्याळ नसतं. "येते ती बराबर," ते म्हणायचे. येतही होती. बाजाराचा दिवस सोडून.

बाजाराच्या दिवशी जवळ्याला आजूबाजूच्या गावांची माणसं लोटतात. गिरणीसमोर रांग, रस्त्यावर सोयाबीनच्या ट्रॉल्या, लाउडस्पीकरवर साड्यांचे भाव. मासेवाले बसतात तिथं आमची मांजर सकाळपासून हजर. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, मी उशिरा जेवायला आले. डबा उघडला तोच माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मांजर येऊन उभी राहिली आणि ओरडायला लागली.

ती माझ्याकडं कधी येत नसे. मला ती भाडेकरू समजायची. मी "शुक" केलं, ती हलली नाही. उलट गजातून डोकं आत घालून मोठ्यानं ओरडली, गाऱ्हाणं सांगितल्यासारखी. मला आधी वैतागच आला. मग हातातला घास हातातच राहिला. हिला भाकर मिळालेली नाही. मिळाली असती तर ही इकडं आली नसती. म्हणजे चाचांनी वाढलं नाही. म्हणजे ते जेवलेले नाहीत. आणि इंजेक्शन तर ते दुपारच्या बांगेआधीच टोचतात.

मी अनवाणीच धावले. दार बंद. आतून कडी. आणि उंबरठ्यावर, दाराला अंग लावून, आडवा पडलेला कुत्रा.

"चाचा!" मी हाक मारली. आतून काहीतरी घासल्यासारखा बारीक आवाज आला. बोलणं नाही. मी पायरी चढले तशी कुत्रा उठला आणि गुरगुरला. माझ्यावर. रोज माझ्या हातची शिळी पोळी खाणारा कुत्रा. त्याची मान ताठ, दात दिसत होते, डोळे माझ्यावर नव्हतेच, दारावर होते. त्याला कळलं होतं. आत काहीतरी बिघडलंय हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. आणि त्यावर त्याला एकच काम येत होतं, जागा न सोडणं.

मी कावेराबाईला हाक मारली. ती पिठानं पांढरी झालेली तशीच आली, मागून रांगेतली चार माणसं, मग बाजारातली आणखी. एकानं गिरणीतली पहार आणली, दार फोडू म्हणाला. पुढं गेला की कुत्रा अंगावर.

"हाड!" तो ओरडला.

कुत्रा झेप घेऊन त्याच्याकडं आला. माणूस मागं पडला. "हाड! हाड! हाड!" सगळेच ओरडायला लागले. कुत्र्याला चहूकडून त्याच्या नावानं हाका. तो याच्याकडं धावला, त्याच्याकडं धावला, कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात दगड, परत दाराकडं पळाला, पुन्हा हाक आली, पुन्हा फिरला. तोंडाला फेस आला बिचाऱ्याच्या.

"पिसाळलंय रे!" कोणीतरी म्हणालं.

ते एक वाक्य पुरलं. बाया लेकरं उचलून फाटकाबाहेर गेल्या. पहारवाला म्हणाला, "आधी ह्याला मारा, मंग दार." एक दगड कुत्र्याच्या पाठीत बसला. आणि आत चाचा जमिनीवर, एकेका मिनिटाला साखर खाली चाललेली.  मी रोज ज्याला घाबरत होते ते हेच होतं, पण त्यात माणसं मदतीला आलेली असतील आणि तरी दार उघडणार नाही, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"गप!" मी ओरडले. "सगळे गप बसा! त्याचं नाव हाड आहे! तुम्ही बोलावताय त्याला!"

लोक गप झाले ते मला वेड लागलं असं वाटून. कावेराबाईला मात्र पटलं. "व्हय व्हय, नावच हाय ते. म्हातारबानं ठेवलंय. काठी खाली घ्या रे मुडद्यांनो!"

मी अंगणाच्या मधोमध गेले. आणि बाजाराच्या भर गर्दीत, दवाखान्यात ज्यांना मी रोज गोळ्या देते त्या सगळ्या माणसांसमोर, मूठ तोंडाशी नेली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं," मी म्हटलं.  कोणीतरी फिस्सकन हसलं. मी पुन्हा सुरू केलं, मोठ्यानं. "हिंगोली, औंढा, जवळा बाजार, हट्टा मार्गे परभणीला जाणारी गाडी सुटत आहे."

कुत्र्याचे कान उभे राहिले. त्यानं एकदा दाराकडं बघितलं.

"हाड, चल. सुटली!"

तो आला. मान खाली घालून, पाय ओढत, पण आला. मी गळ्याखाली हात घातला, अंग थरथरत होतं त्याचं, तसाच ओढत गिरणीत नेला आणि बाहेरून दार लावलं.

पहार लागलीच नाही. कावेराबाईचा हात सापासारखा बारीक. मांजरीसाठी कापलेल्या जाळीतून तिनं तो खांद्यापर्यंत आत घातला, चाचपडली, आणि तो आवाज आला. कर्रर्र. टक.

चाचा ताटाशेजारी आडवे पडले होते. कपडे घामानं चिंब, डोळे अर्धे उघडे. ताटात कोरडी भाकर, त्यावर माश्या, दुधाचं भांडं झाकलेलंच. मी त्यांना कुशीवर वळवलं, साखर बोटावर ओली करून गालाच्या आत चोळली, पुन्हा चोळली. पाणी पाजायला निघालेल्या दोघांना हाकललं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. मी पलंगाशी उभी राहून त्यांच्या पापण्यांकडं बघत होते. माझ्याकडं दुसरं काही करायला नव्हतं, आणि नुसतं उभं राहणं मला जमत नाही.

डोळे उघडल्यावर चाचा आधी छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, म्या सगळं ऐकून राहिलो होतो."

"काय?"

"सगळी दुनिया हाड हाड करून राहिली होती. मला वाटलं, मलाच म्हणून राहिले. वरून."

कावेराबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. हसायला की रडायला, ते मी विचारलं नाही.

गावानं दोन दिवसांत गोष्ट तयार केली. कुत्र्यानं मालक राखला. जागा सोडली नाही, दगड खाल्ला पण हलला नाही. हट्ट्याहून लोक कुत्रा बघायला आले. मला हे ऐकवेना. मी चाचांना म्हटलं, "तुमच्या मुक्कामी गाडीनं तुम्हाला मारलंच होतं. मांजरीनं सांगितलं म्हणून वाचलात."

"अन् मांजर टायमावर आली असती तर म्या पडलोच नसतो," ते म्हणाले.

तेही खरं होतं. मासे खात बसली ती.

"मग निकाल काय?"

त्यांनी उशी पाठीला लावून घेतली. "स्टँडवर काय असतं, सांगतो. गाडी आली न्हाई तर दोन किसमचे पॅसेंजर असतात. एक बाकड्यावर बसून राहतो. भला मानूस. गाडी येईल म्हणतो, बसतो, रात होते तरी बसतो. दुसरा खिडकीवर येतो, काच वाजवतो, काहून आली न्हाई म्हणून माझी आई काढतो. मला आख्खी उमर तो बाकड्यावरला आवडला, मॅडम. पण गाडी आली न्हाई, हे मला कळायचं ते खिडकीवरल्यामुळंच. त्याला माझी काय बी पडलेली नसायची. त्याला फक्त घरी जायचं असायचं."

"म्हणजे मांजर."

"म्हंजे दोघं," ते म्हणाले. "पन भांडनारा एक तरी लागतो."

राबिया आली ती त्यांना न्यायलाच. या वेळी त्यांनी हुज्जत घातली नाही, आणि त्याचंच मला बरं वाटलं नाही. नांदेडला तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. कुत्र्याचं काय, असं मी चाचांना विचारलं. "वर नेऊन काय करू? तिथं त्याला उंबरठा कुठाय? दाराबाहेर जिना. जिन्यावर सगळ्यांची ड्युटी." मांजरीचं विचारायची गरज नव्हती. मांजर घराची असते. घर इथंच होतं.

निघताना घोषणा केली नाही त्यांनी. गाडीत बसले, काच वर केली. कुत्रा उंबरठ्यावर पंजे लावून बसून होता, मार्ग ऐकण्याची वाट बघत. कोणी काही म्हटलं नाही, म्हणून तो उठला नाही. मांजर खिडकीत झोपली होती.

आता दोघं माझ्याकडं आहेत, असं म्हणता येणार नाही. कुत्रा चाचांच्या बंद दाराशी असतो, सकाळी मी त्याला फाट्यापर्यंत नेते. पूर्ण मार्ग म्हणावा लागतो. गल्लीला सवय झाली. मांजर दुपारी खिडकीत येते, मी दूध-भाकर ठेवते, ती माझ्याकडं न बघता खाते. त्याच वेळी चाचांचा फोन येतो. "मॅडम, त्यांनी जेवून घेतलं का?" मी म्हणते, घेतलं. "मंग म्या बी घेतो." अशी व्यवस्था मीच लावून दिली. मांजरीचं ताट रिकामं झाल्याचं माझ्याकडून ऐकल्याबरोबर त्यांनी घास घ्यायचा. राबिया दिवसभर शाळेत. तिसऱ्या मजल्यावर ते एकटे. तिथं खिडकीवर येऊन काच वाजवणारं कोणी नाही.

गेल्या बाजाराच्या दिवशी फोन आला नाही. मांजर उशिरा का होईना, येऊन जेवून गेली. मी दवाखान्यात परत जायला हवं होतं. चप्पल घालून दारात उभी राहिले, चप्पल काढून आत आले. फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. राबियाला लावला, ती वर्गात असणार, उचलला नाही. पुन्हा चाचांना. कुत्रा मार्ग न ऐकताच उठून माझ्या दाराशी आला होता, उंबरठ्याला पंजे लावून माझ्या तोंडाकडं बघत होता. मी लावत राहिले. त्यांच्या शेजारी कोण राहतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि ते इतके दिवस विचारून का ठेवलं नाही याचा मला संताप येत होता.

किती वेळानं कोण जाणे, फोन उचलला गेला.

"काय हो हे!" मी ओरडलेच. "वेळ काय झाली? जेवलात का? फोन कुठं होता? माणसानं किती वाजवायचं? मला कामं नाहीत का?"

पलीकडं मग चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला, आणि तोच माइकवरला आवाज, जरा थकलेला.

"घास तोंडात हाय, मॅडम. फोन गादीखाली गेला होता." मग थांबून म्हणाले, "म्या म्हनलं होतं ना, निघंल हळूहळू. तुमी मांजरीच्या निघाल्या."

मी दारातच खाली बसले. कुत्र्याचं डोकं हाताखाली आलं, ते मी ढकललं नाही.

"ते नंतर बघू," मी म्हटलं. "तिथं दाराला कडी लावलीय का आतून?"

 जमिनीवर चपला घासल्याचा आवाज आला, लांबपर्यंत. मग नव्या घराची नवी कडी निघाली. तिला कर्रर्र नव्हतं. नुसतं टक.